गोव्यातील ‘सखी’ : गर्भवतीच्या नैराश्यावर शेजारणीची सोबत आणि तिच्या मर्यादा

ऑक्टोबर २०१४ ते जून २०१६ या काळात गोव्यातील प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत येणाऱ्या गर्भवती स्त्रियांपैकी ज्यांच्यात नैराश्याची लक्षणे आढळली, अशा २८० जणींना एका चाचणीत सहभागी करून घेण्यात आले. त्यांपैकी १४० जणींकडे त्यांच्याच परिसरातल्या, स्वतः संसार आणि मुलेबाळे अनुभवलेल्या, पण मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्त्रिया प्रशिक्षण घेऊन बाळंतपणाच्या आधीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत भेटी देत राहिल्या. प्रकल्पात या स्त्रियांना ‘सखी’ म्हटले जाई. उरलेल्या १४० जणींना सखी मिळाली नाही. मात्र त्यांना त्यांच्या तपासणीचा निष्कर्ष सांगण्यात आला, मदत कोठे मिळेल याची माहिती देण्यात आली आणि त्यांच्या डॉक्टरांनाही त्याची कल्पना देण्यात आली.

ही चाचणी ‘संगाथ’ या संस्थेने आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांसह केली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात स्थापन केलेली ही संस्था मानसिक आरोग्याची सेवा तज्ज्ञांवाचून सामान्य माणसांपर्यंत कशी पोहोचवता येईल, या एकाच प्रश्नावर दीर्घकाळ काम करीत आली आहे. चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्यांचा उल्लेख बहुधा ‘शेजारणही नैराश्य बरे करू शकते’ अशा एका वाक्यात केला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. महाराष्ट्रात किंवा अन्यत्र हेच काम आशा कार्यकर्तीकडे सोपवावे असा विचार होत असेल, तर उरलेला अर्धा भाग नीट पाहणे आवश्यक आहे, म्हणून हे प्रकरण येथे सविस्तर मांडले आहे.

आजाराची सुरुवात

या कामाची मुळे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच एका पाहणीत सापडतात. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत भेटून, त्यानंतर बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची तपासणी करण्यात आली. सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर ५९ मातांना, म्हणजे २३ टक्के मातांना, नैराश्याचा आजार असल्याचे दिसले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. गोव्याचा हा आकडा काही अपवाद नव्हता. भारतातील ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये जो अंदाज काढण्यात आला, तोही सुमारे २२ टक्क्यांचाच आहे.

माझ्या मते त्या पाहणीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र वेगळा आहे. बाळंतपणानंतर आजारी आढळलेल्या मातांपैकी ७८ टक्के मातांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. आपल्याकडे या आजाराची चर्चा ‘बाळंतपणानंतरचे नैराश्य’ अशीच होते आणि त्यामुळे सव्वा महिन्याच्या आसपास काही बिनसले तर पाहू, असा समज घरात आणि दवाखान्यातही रूढ आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रियांचा त्रास बाळ पोटात असतानाच सुरू झालेला असतो आणि त्या काळात त्या दर महिन्याला तपासणीसाठी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी हे सर्व होते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही असे त्या सांगतात, आणि या तक्रारी गरोदरपणाच्याच मानल्या जातात, कारण त्या बहुतेक वेळा खरोखरच गरोदरपणाच्या असतात. म्हणूनच नुसत्या तक्रारी ऐकून निदान होत नाही. कशातच रस वाटेनासा होणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, जगणे नकोसे होणे, हे प्रश्न नेमकेपणाने आणि एकांतात विचारावे लागतात. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना त्यांची खरी उत्तरे मिळणे कठीण असते.

त्याच पाहणीत कारणांचाही शोध घेण्यात आला. आर्थिक ओढाताण आणि पती-पत्नीचे बिघडलेले संबंध ही आजार होण्याची आणि तो रेंगाळण्याचीही मोठी कारणे ठरली. बाळ मुलगा आहे की मुलगी याचा आजाराशी थेट संबंध दिसला. इतकेच नव्हे, तर घरातील मारहाण आणि उपासमार यांचा स्त्रीच्या मनावर होणारा परिणामही बाळ कोणते जन्मले यानुसार बदलत होता. शिक्षण आणि आरोग्य यांच्या बहुतेक निर्देशांकांवर देशात आघाडीवर असलेल्या राज्यातील ही स्थिती आहे, हे लक्षात घेतले म्हणजे इतरत्र काय असेल याचा अंदाज येतो. आणि येथेच सखीच्या कामाची पहिली मर्यादाही स्पष्ट होते. नवऱ्याचा हात उचलला जाणे किंवा मुलगी झाली म्हणून घरात पसरलेले मौन ही कारणे सखीच्या भेटीने नाहीशी होणारी नाहीत. त्यांच्यासह जगताना स्त्रीने कोलमडू नये, एवढेच सखीच्या हातात असते.

रावळपिंडीतून आलेली पद्धत

सखींनी जी पद्धत वापरली ती मूळची पाकिस्तानातील. रावळपिंडी जिल्ह्यातील गुजर खान आणि कल्लर सय्यदां या ग्रामीण भागांत मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. पाकिस्तानच्या सरकारी व्यवस्थेत ‘लेडी हेल्थ वर्कर’ नावाच्या कार्यकर्त्या आहेत. त्यांचे काम आपल्या आशा कार्यकर्तींशी बरेच मिळतेजुळते असले, तरी त्या घरोघरी जाऊन माता-बालकांची सेवा करणाऱ्या नेमलेल्या कर्मचारी आहेत. त्यांच्या नेहमीच्या भेटींतच नैराश्यावरचे उपचार गुंफण्यात आले. विचार आणि वर्तन यांच्यावर काम करणाऱ्या मानसोपचाराचे हे सोपे रूप होते. मनात येणारा घातक विचार ओळखणे, त्याच्या जागी हितकर विचार ठेवणे आणि तो कृतीत आणून पाहणे, अशा तीन पायऱ्या. हे तीन विषयांवर करायचे : आईचे स्वतःचे आरोग्य, आई आणि बाळ यांचे नाते, आणि आईचे घरातील व आसपासच्या माणसांशी नाते. वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही समजावे म्हणून चित्रांचा आधार घेतलेला होता. एकूण भेटी १६ : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात चार, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन आणि पुढे महिन्याला एक याप्रमाणे नऊ.

पद्धतीतील एका युक्तीचा उल्लेख केला पाहिजे. कार्यकर्ती दारात येऊन ‘तुमच्या सुनेला नैराश्य आहे, मी उपचार करायला आले’ असे म्हणत नसे. भेटीचा सांगितलेला हेतू बाळाचे आरोग्य हा होता आणि तो खोटाही नव्हता. बाळासाठी म्हटल्यावर सासूही बसते, नवराही ऐकतो आणि सुनेला तासभर कामातून मोकळीक मिळते. घराची रीत ओळखून आखलेली ही मांडणी पाहिली की ती करणाऱ्यांना दक्षिण आशियातले घर आतून ठाऊक होते याची खात्री पटते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. या चाचणीत ९०३ माता होत्या. बाळ सहा महिन्यांचे असताना उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के आजारी होत्या, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के. बाळ वर्षाचे झाल्यावर हे प्रमाण अनुक्रमे २७ आणि ५९ टक्के होते. मानसोपचाराच्या चाचण्यांत एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत २०१५ मध्ये स्वतःची पुस्तिका म्हणून प्रसिद्ध केली, त्यामागे हे यश होते.

मग त्याच कार्यकर्त्यांकडून काम पुढे का चालू ठेवले नाही? कारण त्यांच्यावर आधीच लसीकरणापासून पोलिओ मोहिमेपर्यंत कामांचा ढीग होता आणि त्यात आणखी भर घातली तर ते काम नीट होणार नाही, अशी रास्त भीती होती. म्हणून पुढचा प्रश्न असा ठेवण्यात आला की, हेच काम त्याच वस्तीतल्या सामान्य स्त्रिया करू शकतील काय? तो तपासण्यासाठी गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी समांतर चाचण्या आखण्यात आल्या.

सखीची भेट

सखी कशी असावी हे आधी मातांना, त्यांच्या घरच्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारण्यात आले. आपल्यातली, आपल्यासारखे आयुष्य काढलेली, मुले वाढवलेली आणि ऐकलेले पोटात ठेवणारी बाई हवी, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. शेवटची अट सर्वांत कठीण आहे. एकाच वाड्यावर राहणारी बाई विश्वासाची असते, आणि तीच बातमी चारचौघांत जाण्याचा मार्गही असते. त्यामुळे गुप्तता पाळण्याचे शिक्षण हा सखीच्या तयारीचा पायाच ठरतो.

मूळ पद्धत सखींसाठी आणखी सोपी करण्यात आली. विचारांची चिकित्सा करण्यापेक्षा कृतीवर भर देण्यात आला, कारण विचारांशी वाद घालणे हे प्रशिक्षित माणसालाही अवघड जाते आणि चुकीच्या हाती ते उपदेशात बदलते. ‘असा विचार करू नये गं’ हे वाक्य बाळंतिणीला सासर-माहेरी पुरेसे ऐकायला मिळते. त्याऐवजी सखी तिच्या दिवसाची आखणी तिच्यासोबत बसून करते. दुपारी बाळ झोपल्यावर अर्धा तास स्वतःही झोपायचे, सकाळचे जेवण सर्वांचे झाल्यावर नव्हे तर सर्वांबरोबर घ्यायचे, संध्याकाळी मावशीकडे पाच मिनिटे जाऊन यायचे, बाळाला तेल लावताना त्याच्याशी बोलायचे. पुढच्या भेटीत यांतले काय जमले, काय नाही आणि का नाही, हे पाहायचे. जमले नाही तर कृती लहान करायची. मन उभारी धरेल तेव्हा काम करू, असे न म्हणता काम थोडे सुरू केल्यावर मन हळूहळू मागून येते, या अनुभवावर ही रीत उभी आहे. दोन्ही चाचण्यांच्या आकड्यांचे पुढे जे विश्लेषण झाले, त्यातही स्त्रीची वाढलेली सक्रियता हा सुधारणेचा एक दुवा असल्याचे दिसले.

गोव्यात प्रत्येकीला ६ ते १४ भेटी देण्याची योजना होती. भेटींची संख्या अशी सैल ठेवण्याचे शहाणपण या भागाची चालरीत ठाऊक असणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. पहिले बाळंतपण माहेरी होते. सातव्या-आठव्या महिन्यात गेलेली मुलगी बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर, कधी त्याहून उशिरा परतते. माहेर दुसऱ्या तालुक्यात किंवा थेट दुसऱ्या राज्यात असेल, तर ओळखीची झालेली सखी तेथे पोहोचत नाही. म्हणजे ज्या काळात सोबतीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात ती तुटण्याचा धोका असतो. माहेर हीच अनेकींसाठी मोठी सोबत असते हे खरे, पण सगळ्याच माहेरांना तेवढी ऐपत आणि तेवढा जिव्हाळा असतो असे धरून चालता येत नाही.

सखीच्या मागे एक व्यवस्था उभी होती आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेतून तीच नेमकी सुटते. प्रशिक्षणानंतर कामाची नियमित देखरेख होत असे, अडलेली प्रकरणे गटात मांडली जात आणि जिवाला धोका असल्याचे दिसले तर पुढे कोणाकडे पाठवायचे हे ठरलेले होते. संगाथनेच गोव्यात चालवलेल्या दुसऱ्या एका प्रकल्पात सामान्य समुपदेशकांनी एकमेकांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांना गुण द्यायचे अशी रीत अवलंबली होती. असे काम एकटीने करता येत नाही, हे त्या संस्थेला अनुभवाने कळलेले होते.

आकड्यांचे वाचन

बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर ज्यांची माहिती मिळू शकली, त्यांपैकी सखी लाभलेल्या १२२ मातांमध्ये ८९ जणी, म्हणजे ७३ टक्के, नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. सखी न मिळालेल्या १२९ मातांमध्ये हे प्रमाण ७७, म्हणजे ६० टक्के होते. फरक तेरा टक्क्यांचा. साध्या हिशेबाने सात-आठ मातांना सखी दिली, तर त्यांतली एक अशी बरी होते जी एरवी झाली नसती. लक्षणांची सरासरी तीव्रता पाहिली तर दोन गटांतला फरक इतका लहान होता की तो योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. रावळपिंडीच्या समांतर चाचणीत ५७० माता होत्या, आणि तेथे बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण ४९ विरुद्ध ४५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले.

२००८ च्या निकालाशेजारी हे आकडे ठेवले की उतार स्पष्ट दिसतो. याचे एक स्पष्टीकरण असे की, २००८ मध्ये निदान झालेला तीव्र आजार असलेल्या माता घेतल्या होत्या, तर नंतरच्या चाचण्यांत नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत दहा किंवा अधिक गुण मिळालेल्या, म्हणजे तुलनेने सौम्य आजार असलेल्याही अनेक जणी होत्या, आणि सौम्य आजार बऱ्याचदा आपोआप ओसरतो. गोव्यातील साठ टक्के माता सखीवाचून बऱ्या झाल्या, त्यामागे हे असणारच. पण मला त्या साठ टक्क्यांत दुसरीही गोष्ट दिसते. त्या मातांना काहीच मिळाले नाही असे नव्हते. कोणीतरी त्यांना नऊ प्रश्न विचारले, उत्तरे गांभीर्याने घेतली, निष्कर्ष सांगितला, मदत कोठे मिळेल ते सांगितले, डॉक्टरांना कळवले. एरवीच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात एवढेही घडत नाही. तुलनेचा गट हा ‘नेहमीचा’ गट नव्हताच, तो सुधारलेला होता. त्यामुळे सखीचा परिणाम लहान दिसला, असा माझा तर्क आहे.

दुसरे स्पष्टीकरण कार्यकर्तीचे आहे आणि ते अधिक अडचणीचे आहे. २००८ मध्ये उपचार देणारी स्त्री नेमलेली कर्मचारी होती. त्या घरात तिची ये-जा आधीपासूनची होती, लसीचे आणि औषधाचे काम तिच्याकडे असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन होते, आणि तिने १६ भेटी दिल्या. नंतरच्या शेजारणींकडे आपुलकी भरपूर होती, पण हे अधिकाराचे वजन नव्हते. सुनेने दुपारी झोपावे हे सासूला सांगण्यासाठी आपुलकी पुरत नाही. सखीला स्वस्त पर्याय समजून कर्मचाऱ्याच्या जागी बसवले, तर रुपयांत जे वाचते ते परिणामात गमवावे लागण्याची शक्यता या आकड्यांतून दिसते. तिला कर्मचाऱ्याच्या जोडीला उभे करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही चाचण्यांत ती तपासली गेली नाही.

बाळाचा वेगळा हिशेब

मातांच्या नैराश्याकडे आरोग्य खात्यांचे लक्ष वेधताना बाळाचे नाव पुढे करावे लागते, कारण बाळासाठी पैसा मिळतो. त्याला आधारही आहे. गोव्यातील २००२ च्या पाहणीतल्या मातांच्या बाळांचा पाठपुरावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर ज्यांच्या आईला नैराश्य होते, ती बाळे सहा महिन्यांनी वजनाने व उंचीने मागे असण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यांच्या बौद्धिक विकासाचे गुणही कमी होते. यात नवल नाही. या वयातले बाळ शिकते ते आईच्या चेहऱ्यावरून आणि आवाजातून. आईचा चेहराच निर्विकार झाला असेल, दूध पाजणे हे ओझे झाले असेल, जुलाब लागल्यावर क्षारसंजीवनी करायला उठवत नसेल, तर त्याचा परिणाम बाळाच्या अंगावर दिसतो.

मात्र यावरून ‘आईवर उपचार करा, बाळ आपोआप सुधारेल’ असा निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. रावळपिंडीच्या २००८ च्या चाचणीत एवढ्या माता बऱ्या होऊनही बाळांचे वजन आणि उंची यांत ठोस फरक दिसला नाही. जुलाबाचे प्रसंग कमी झाले, लसीकरण अधिक झाले आणि आई व वडील दोघेही बाळाशी खेळण्यात अधिक वेळ घालवू लागले, हे निश्चित मिळाले आणि ते मोलाचे आहे. पण तीच मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मातांच्या मुलांत बुद्धी, भावना किंवा वाढ या बाबतीत फरक आढळला नाही. पहिल्या वर्षातल्या उपचाराने सात वर्षांचा खर्च भागत नाही, असाच याचा अर्थ होतो. गरिबी तीच राहिली, शाळा तीच, घरातील भांडणे तीच, आणि काही मातांचा आजार मधल्या काळात पुन्हा उलटलाही असणार. बाळाच्या विकासासाठी बाळाशी बोलणे, खेळणे, खाऊ घालणे या गोष्टींवर दोन-तीन वर्षे स्वतंत्रपणे काम करावे लागते. आईच्या उपचारात त्याची सुरुवात होते.

आणखी एक खटकणारी बाब अशी की, आईचा उपचार बाळाच्या नावाने मागितला की त्याचा फायदा बाळात दिसला नाही म्हणून तो बंद करण्याची सोयही होते. बरी झालेली आई हे पुरेसे फलित आहे, हे आपल्या आरोग्य अहवालांना अजून पटायचे आहे.

वडिलांविषयी या सगळ्या कामात फार थोडे आहे. रावळपिंडीत वडिलांचा बाळाशी खेळण्याचा वेळ वाढला, तो त्यांच्यासाठी वेगळे काही न करता. म्हणजे दार उघडे आहे, आत कोणी गेलेले नाही. बाळाच्या जन्मानंतर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, खाजगी क्षेत्रासाठी तसा कायदा नाही, आणि गवंडीकाम किंवा मासेमारीवर पोट असलेल्या माणसाला तर एक दिवस घरी बसणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. अशा बापाला ‘बायकोला वेळ द्या’ हा सल्ला देताना थोडे भान ठेवावे लागते.

आशाताईंच्या कामाशी जोड

महाराष्ट्राला या प्रकरणाशी जोडणारा दुवा गडचिरोलीतून जातो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. २०११ मध्ये तीच कल्पना राष्ट्रीय कार्यक्रम झाली. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही, आणि पुढे बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. म्हणजे सखीला ज्या उंबऱ्यावर पोहोचायला खटपट करावी लागली, तेथे आशाताई आधीच पोहोचलेली आहे.

त्यामुळे मनाविषयीचे दोन-चार प्रश्न तिच्या वहीत वाढवावेत, ही सूचना सहज पुढे येते. ती स्वीकारण्याआधी पाकिस्तानातील कार्यकर्त्यांचे काय झाले हे आठवावे. ज्या कामाच्या ओझ्यामुळे उपचार त्यांच्याकडून काढून शेजारणींकडे द्यावा लागला, तेच ओझे आपल्याकडे आशाताईंवर आहे. नवजात बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर तिला २५० रुपये मिळतात, ते बाळाचे वजन, तापमान आणि धोक्याची लक्षणे पाहण्यासाठी. ‘जगावेसे वाटत नाही’ असे एखाद्या मातेने तिला सांगितले, तर त्यानंतरचा तास, तालुक्याला करायचा फोन आणि रात्रभर मनात राहणारी धास्ती, यांचा हिशेब त्या रकमेत नाही. शिवाय या भेटी बाळ जन्मल्यावर सुरू होतात, आणि गोव्याच्या पाहणीतला ७८ टक्क्यांचा आकडा तर सांगतो की विचारणा त्याआधी, तपासणी केंद्रातच, व्हायला हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या गर्भवतींच्या विशेष तपासणीत परिचारिकेने पडद्याआड नऊ प्रश्न विचारणे, हे त्या मानाने कमी खर्चाचे आणि अधिक योग्य जागचे काम आहे.

विचारल्यानंतर पाठवायचे कोठे, याची उत्तरे आता पूर्वीपेक्षा बरी आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी सरकारच्या टेलिमानसची १४४१६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे आणि ती मराठीतही मिळते. बाळंतपणानंतर भ्रम, भास किंवा विलक्षण चंचलता दिसू लागली, तर ते नैराश्याचे प्रकरण नसून तातडीने रुग्णालयात नेण्याचे आहे. हजारात एक-दोन मातांच्या बाबतीत असे होते आणि तेथे सखीने किंवा आशाताईने वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. अशा मातांना बाळासह दाखल करून घेणारा विभाग बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून चालतो. तशी सोय आपल्या बहुतेक जिल्ह्यांत नसली, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही, हे नातेवाइकांनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

गडचिरोलीच्या यशात एका तपशिलाकडे नेहमी दुर्लक्ष होते. तेथे दर पंधरवड्याला डॉक्टर प्रत्येक गावात जाऊन आरोग्यदूत स्त्रीने केलेल्या नोंदी तपासत आणि तिच्या चुका सुधारत, स्वतः उपचार करीत नसत. सखीच्या मागेही अशीच नियमित देखरेख होती. कार्यक्रम राज्यभर नेताना पुस्तिका छापली जाते, प्रशिक्षणाचे तीन दिवस होतात, आणि देखरेखीच्या खर्चाची ओळ अंदाजपत्रकातून पहिल्यांदा गळते. आशाताईंच्या कामात मातेच्या मनाची विचारणा जोडायची असेल, तर आधी पंधरवड्यातून एकदा त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकांबरोबर बसून अशा प्रकरणांवर बोलता येईल एवढा वेळ आणि त्या बैठकीला येणारा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातला एक माणूस यांची तरतूद करावी लागेल. प्रश्नावली त्यानंतर.